पोरं आहेत, चालायचंच?

आठवीच्या वर्गात हजेरी घेताना एका मुलाचं नाव आलं की मागच्या बाकांवरून दोन हात वर जातात, अंपायर सिक्सर दाखवतो तसे. मग बोटं ताठ ठेवून ती तृतीयपंथीयांसारखी टाळी. मग हशा. रोज! तो बिचारा 'हजर' इतकं हळू म्हणतो की कुणाला ऐकूच जात नाही, आणि त्यावर पुन्हा हशा.

स्टाफरूममध्ये सांगितलं तर काय ऐकायला मिळतं? "अहो मॅडम, पोरं आहेत, चालायचंच." "त्यानंही जरा मुलासारखं वागावं की!" डोकंच फिरलं माझं. एक सर तर त्या टाळीला स्वतः हसले, भर वर्गात. सर हसले म्हणजे परवानगीच मिळाली ना पोरांना!

वर त्या मुलालाच उपदेश, "लक्ष देऊ नकोस." का म्हणून? छळणारे मोकळे आणि सहन करायचं त्यानं? मुलींचंही तेच. कुणी बोटांनी घाणेरडी खूण केली की "तू तिकडे बघतेसच कशाला?" अरे, लैंगिक हेतूनं मुलांना केलेली खूणसुद्धा पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम ११ मध्ये येते! शाळेतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठीच्या सखी सावित्री समितीचा बोर्ड २०२२ च्या जीआरनंतर भिंतीवर लागला. तिची बैठक कधी झाली, विचारून बघा.

ज्यांच्या टाळीची ही टिंगल, त्या तृतीयपंथीयांना सुप्रीम कोर्टानं २०१४ साली हक्कांसकट मान्यता दिली. अशा मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं, यावर एनसीईआरटीनं २०२१ मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली, लगेच वेबसाइटवरून गायब!

मी हजेरी तिथेच थांबवते. त्या मुलाकडे बघतसुद्धा नाही, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर कशाला वळवायच्या? टाळी वाजवणाऱ्याला उभं करते. "यात हसण्यासारखं काय आहे, नीट समजावून सांग." आणि गप्प उभी राहते. तो चुळबुळतो, शेजाऱ्याकडे बघतो. शेजारी वहीत डोकं घालतो. एकालाही सांगता येत नाही. दोन मिनिटं लागतात याला, फार तर तीन. पण बाकीच्या शिक्षकांचा म्हणे पोर्शन राहतो!

येत्या स्टाफ मीटिंगमध्ये त्या सरांनाही मी हेच विचारणार आहे, मुख्याध्यापकांसमोर. तुम्ही का हसलात, सर?