घरातलं दुसरं माणूस तिथं काय करणार?

"मॅडम, जर्मनीचं करू का दुबईचं?" मिरजेत नर्सिंग शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी देशांची नावं बदलून ऐकत आलेय. आधी सौदी-कुवेत होतं, मग इंग्लंड-आयर्लंड आलं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून जर्मनचा क्लास कुठं लावू म्हणून विचारणाऱ्या मुली वाढल्यात. मुली पगाराचं विचारतात, त्यांच्या आया थंडीचं विचारतात. दोन्ही रास्तच आहे. पण मला ज्याची खरी काळजी वाटते ते, म्हणजे तिच्यामागून जाणारं घरातलं माणूस तिथं काय करणार, हे कुणी विचारत नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी कामाचं बघू. आपल्याकडे वॉर्डात पेशंटचं अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन देणं हे मावशी करतात, नाहीतर नातेवाईक. सिस्टर सलाईन लावते, इंजेक्शनं देते, डॉक्टरांबरोबर राउंड घेते. जर्मनीत अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं हेच नर्सचं मुख्य काम धरतात, आणि सुई लावणं, रक्त काढणं बऱ्याच हॉस्पिटलांत डॉक्टरांकडे असतं. बी.एस्सी. करून आयसीयूत काम केलेली मुलगी तिथं पहिल्या महिन्यात फोनवर रडते. माझ्या मते त्या कामात कमीपणा तसूभरही नाही. म्हाताऱ्या माणसाला कुशीवर वळवून कोमट पाण्यानं पाठ पुसताना माकडहाडापाशी लालसर डाग दिसतो, बोट दाबलं तरी त्याचा रंग फिका होत नाही. बेडसोअरची, म्हणजे एकाच कुशीवर पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, ती पहिली खूण असते, आणि ती पाठ पुसणाऱ्यालाच दिसते. हे मी वर्गात दरवर्षी शिकवते. फक्त घरातून निघण्याआधी हे माहीत हवं. शिवाय नर्स म्हणून तिथली मान्यता मिळवायची तर साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात), आणि मान्यता हातात पडेपर्यंत सहायक म्हणून कमी पगारावर राबावं लागतं. एजंट सांगतो तो आकडा त्यानंतरचा असतो. आणि एजंटाचंच निघालं म्हणून सांगते, परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला आपल्या कायद्यानं जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. लाखांत मागणाऱ्याच्या दारात पाऊलसुद्धा टाकू नका.

आता हवा. थंडीची भीती लोकांनी फार घेतलीय. बाडेन-वुर्टेम्बर्गची राजधानी स्टुटगार्ट, तिकडे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो हे खरं, पण घरं, बस, हॉस्पिटल सगळं उबदार असतं आणि चांगला कोट मिळतो. माणसाला खातो तो अंधार. डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाला मावळतं, म्हणजे अकरा तासांचा दिवस मिळतो. तिथं त्याच दिवसांत सूर्य सव्वाआठला उगवतो आणि साडेचारला मावळतो, तोही बऱ्याचदा ढगाआड. सहाची ड्युटी असली की काळोखात घर सोडायचं, दुपारची असली की काळोखात परतायचं. जूनमध्ये सगळं उलटं, रात्री साडेनऊपर्यंत उजेड, लेकरं झोपायला तयार नाहीत. नर्सचं एक बरं असतं, ड्युटी तिला बाहेर काढते, चार माणसांत नेते. घरात राहणाऱ्याला तो अंधार पुरता मिळतो.

माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा तासगावकडचा द्राक्षबागायतदार. माझं माहेरही तिकडचंच, त्यामुळे बागेचं वर्ष कसं जातं ते मी लहानपणापासून पाहिलंय. एप्रिलला खरड छाटणी, म्हणजे जुन्या काड्या कापून नवी वाढ घ्यायची, मग पावसाळाभर काडी जपायची. ऑक्टोबरात फळछाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट, आणि तेवढ्यात आभाळ आलं की डावण्या रोगाच्या धास्तीनं रात्री-बेरात्री फवारणी. माल उतरला की बेदाण्याचं शेड. क्षणाची उसंत नसलेला माणूस. बाग भावाकडे सोपवून तो बायकोच्या नोकरीवर स्टुटगार्टला गेला. तिथं नेकार नदीच्या उतारांवर, अगदी शहराला लागून, द्राक्षमळे आहेत. ते फोटो बघून तो खूश झाला होता, आपल्याला काम मिळणारच म्हणून. पण तिथली वेल हिवाळाभर झोपलेली असते. आपल्या हवेत वेलीला ती झोप मिळत नाही म्हणून तर आपण दोनदा छाटतो. तिथं थंडीत एक छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणी, द्राक्षं वाइनची, आणि बाहेरची माणसं लागतात ती बहुतेक हंगामापुरती. कुशल कामगाराच्या जोडीदाराला तिथं काम करायची मुभा असते, कागदोपत्री यालाही होती. भाषा नव्हती. पहिला हिवाळा त्यानं खिडकीपाशी बसून मोबाईलवर तासगावचं हवामान बघत काढला. दारावर जिना झाडण्याच्या पाळीची पाटी लागायची (त्या भागात ही पद्धत आहे, आठवडा संपला की पाटी शेजारच्या दारावर), तेव्हा तो जिना दोन-दोनदा झाडायचा. काहीतरी काम हाताला लागलं म्हणून. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे बाजाराचं निमित्तही नाही. तिनं मला फोनवर सांगितलं, "मॅडम, इथली थंडी मला नाही बाधली, ह्यांना बाधली."

पुढच्या वर्षी तिनं हट्टानं त्याला रोज सकाळच्या भाषेच्या वर्गाला घातलं. बी१ झाल्यावर तो एका रोपवाटिकेत लागला. पगार तिच्यापेक्षा बराच कमी, पण तेव्हापासून तिच्या फोनचा सूरच बदलला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: नोकरी जिला मिळालीय तिचा पगार आणि तिची रजा नंतर बघा. आधी घरातल्या ज्या माणसाच्या हाताला तिथं सगळ्यात कमी काम असेल, त्याचा जानेवारीतला एक साधा मंगळवार सकाळपासून रात्रीपर्यंत मांडून बघा. कुठं जाईल, कुणाशी बोलेल, कुठल्या भाषेत? कुठल्याही देशाचा निर्णय तिथून सुरू व्हायला हवा असं मी अगदी मनापासून म्हणते.

आपल्या सांगली जिल्ह्याला परमुलुख काही नवा नाही. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गलाईच्या (वितळवून शुद्ध करण्याच्या) धंद्यात देशभर गेली. पाऊस नव्हता म्हणून गेली, पण टिकली ती पाहुण्यांच्या जोरावर. पोरगं आधी पाहुण्याच्या दुकानात राबायचं, तिथली बोली शिकायचं, मग स्वतःचं दुकान टाकायचं. बायको आली तर शेजारी आपलीच माणसं असायची. स्टुटगार्टची नर्स जाते ती बहुतेक एकटीच्या हिमतीवर, म्हणून तिनं हे जास्त मोजून जायला हवं.

दुबईचं वेगळं आहे. भाषेचा अडसर कमी, पगारावर आयकर नाही. पण मे ते सप्टेंबर घराबाहेर पडवत नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला तिथं कायद्यानंच बंदी आहे, यावरून काय ते समजा. हिवाळा मात्र सुखाचा. सर्वसाधारणपणे तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की मुक्काम संपला. नवऱ्याची बाग इथं चांगली चाललीय, कर्ज फेडायचंय, असं असेल तर मी स्पष्ट सांगते, मुदत ठरवून आखातात जा आणि त्याला बागेतच राहू द्या. दूर राहण्याचा त्रास होतोच, पण दोघंही कामात असतात. ऑस्ट्रेलियाला भाषा इंग्रजी, ऊन भरपूर, पण बहुतेक कुशल व्हिसांना पंचेचाळिशीची अट आणि शाळा जानेवारीअखेर सुरू होते, त्यामुळे मुलांचं वर्ष आधी जुळवा.

जमिनीचं कुणी सांगत नाही म्हणून तेही सांगते. परदेशी राहायला गेलेल्या भारतीयाला इथं नव्यानं शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसानं आलेली ठेवता येते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, त्यामुळे तिथला पासपोर्ट घेतला की इथला जातो, परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळतं, पण शेतजमिनीचा नियम तोच राहतो. जायच्या खर्चासाठी बाग विकलीत तर परत आल्याशिवाय ती घेता येणार नाही. विकू नका.

आणि कृष्णाकाठच्या घरांनी मागं राहणाऱ्या म्हाताऱ्यांचंही धरावं. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस बंद होता. तेव्हा दुबईची मुलगी काय आणि जर्मनीची काय, कुणालाच पोचता आलं नसतं. आई-वडिलांना पावसाळ्याआधी उंचावर कोण हलवणार, त्या माणसाशी आताच बोलून ठेवा.

माझ्या ज्या मुली परदेशी आहेत त्यांनी खाली जरूर लिहा. पगाराचा आकडा नको. तुमचा नवरा, सासू किंवा जे कुणी तुमच्यामागून आलंय, ते सकाळी उठून काय करतं आणि तिथवर पोचायला किती काळ गेला, तेवढं लिहा. इथं बऱ्याच जणी याच विचारात अडकल्यात, त्यांना ते उपयोगी पडेल.