सासऱ्यांची बंदूक आणि तोळाभर शिसं

वारसाहक्काने जमीन आली तर सातबारा काढावा, सोनं आलं तर सराफाकडे वजन करून घ्यावं, एवढं आमच्या घराण्यात सगळ्यांना कळतं. रायफल आली तर काय करावं हे कोणी सांगून ठेवलेलं नाही. पुण्याच्या घरात शस्त्र म्हणावं असा एक कोयता होता, तोही नारळापुरता, आणि बहुधा शेजाऱ्यांचा.

पण मी राहतो कोलोराडोत, बायको इथलीच. सासरे गेल्यावर वाटणीच्या दिवशी मेहुण्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "आजोबांची विंचेस्टर तू घे. घराण्याची शान आहे ती." सगळ्यांचे डोळे पाणावले. त्या भरात ट्रक, होडी आणि गॅरेजमधली बाकी कपाटं त्याच्याकडे गेली, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. भाऊबंदकीचं शास्त्र आपल्याकडेच विकसित झालंय हा माझा गैरसमज त्या दिवशी गळून पडला.

विंचेस्टरने मॉडेल ७० ही रायफल १९३६ साली काढली. १९६४ साली खर्च वाचवायला कंपनीने तिची घडण बदलली, आणि शिकारी मंडळींनी ते अजून माफ केलेलं नाही. त्यांच्या लेखी जगाच्या इतिहासाचे दोनच कालखंड आहेत: चौसष्टच्या आधीचा आणि नंतरचा. 'प्री-सिक्स्टी-फोर' एवढं उच्चारलं तरी अनोळखी म्हातारे आवाज खाली आणतात. आमची रायफल पन्नासच्या दशकातली, म्हणून तिच्यात काहीही बदलायचं नाही. आणि ऑक्टोबरात तीच घेऊन एल्कच्या, म्हणजे इथल्या थोरल्या हरणाच्या, शिकारीला जायचं, म्हणून जे लागेल ते बदलायचं. या दोन आज्ञांच्या मधोमध माझा उन्हाळा गेला.

आधी परवान्याची परीक्षा. कोलोराडोत १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. माझ्या वर्गात बहुतेक मंडळी शाळकरी होती. "कुंपण ओलांडताना बंदुकीचं काय करायचं?" या प्रश्नाला पुढच्या बाकावरच्या एका वेणीवालीने माझ्याआधी हात वर केला. असो.

मग गनस्मिथ, म्हणजे बंदुकांचा कारागीर. त्याने रायफल दिव्याखाली धरली, स्क्रूंच्या डोक्यांवरून बोट फिरवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "याआधी हिला कोणी उघडलं होतं?" मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. हा प्रश्न विचारल्याशिवाय जगात कुठल्याही कारागिराला कामाला हात घालता येत नाही. स्क्रूच्या खाचा भरड झाल्या होत्या, सासऱ्यांनी स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर वापरला असणार. त्याने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढून आत पोलादी मापं घालून पाहिली. एकाचं नाव 'गो', दुसऱ्याचं 'नो-गो'. पहिल्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. तो झाला नाही. म्हणजे काडतूस आपल्या जागी नीट बसणार आणि उडाल्यावर सगळा जोर पुढेच जाणार, माझ्या तोंडाकडे येणार नाही. हे ऐकून मला जे हायसं वाटलं ते त्याने बिलात लावलं असावं.

"बोल्टमधलं तेल तेवढं धुऊन काढ," त्याने बजावलं. जुनं तेल थंडीत घट्ट होतं, मग चाप ओढला की आतली पिन सावकाश, विचार करत पुढे येते. एल्क तोवर पुढच्या तालुक्यात.

नळी साफ करणं हे मात्र व्रत आहे. बोल्ट काढून मागच्या बाजूने सळई घालायची, टोकाला कापडाचा चौकोन, त्यावर औषध. औषध म्हणजे १९०३पासून चालत आलेलं होप्स नंबर नाइन. त्याला पिकल्या केळ्यांसारखा वास येतो. मी बाटली उघडली आणि आतल्या खोलीतून बायको धावत आली. दारात उभी राहून तिने एक मोठा श्वास घेतला, "डॅडचा वास," म्हणाली, आणि रडायलाच लागली. त्यानंतर त्या बाटलीचं बूच घट्ट लावायची मला बंदी आहे.

पहिले चौकोन काळे आले, मग निळे-हिरवे. गोळीवरचं तांबं पिढ्यान्‌पिढ्या नळीत साठलं होतं, ते सुटत होतं. हे मी व्हिडिओ कॉलवर आईला कौतुकाने दाखवलं. तिने क्षणभरही विचार केला नाही. "तांबं ना? मग चिंच आणि मीठ लाव."

"आई, नळी पोलादाची आहे. गंजेल."

"मग तुझं तू बघ," ती म्हणाली. चिंचेवर अविश्वास दाखवणारा मुलगा परदेशात बिघडला आहे यात तिला शंका उरली नाही.

गोळीचं वजन ऐकून मात्र ती खूश झाली. आमची रायफल थर्टी-ऑट-सिक्स. त्यातलं 'सिक्स' म्हणजे १९०६, अमेरिकी सैन्याने हे काडतूस स्वीकारलं ते साल. एल्कसाठी १८० ग्रेनची गोळी चांगली म्हणतात. आता इंग्रजांनी १८३३ साली तोळा ठरवला तो नेमका १८० ग्रेनचा. म्हणजे चाप ओढला की बरोबर एक तोळा जातो. "तोळाभर!" आई म्हणाली. "जपून वापर हो."

खरी पंचाईत दस्त्याची. सासरे सव्वासहा फूट उंच. त्यांनी आजोबांची मूळ पोलादी पट्टी काढून दस्त्याला इंचभर जाड रबर बसवलं होतं. मी पाच फूट चार. रायफल खांद्याला लावली की तिच्यावरची दुर्बीण एवढी लांब जायची की तिच्यात फक्त काळं वर्तुळ दिसायचं. दस्ता कापावा असं मी नुसतं सुचवलं, तर सगळे गप्प झाले. शेवटी गनस्मिथच म्हणाला, रबर काढा, मूळ पट्टी शोधा, किंमतही वाढेल. पट्टी निघाली मेहुण्याच्या गॅरेजमध्ये, कॉफीच्या डब्यात, जुन्या स्क्रूंसोबत. तिथेच भिंतीवर एक सुरेख, हलकी, प्लॅस्टिकच्या दस्त्याची रायफल टांगलेली दिसली.

"ही कोणाची?"

"डॅडचीच. गेली कित्येक वर्षं ते हीच न्यायचे. ती जुनी दुर्बिणीसकट चार किलो भरते, कोण वाहणार डोंगरात?"

डेन्व्हर मुळात कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवर आहे, आणि एल्क राहतात त्याच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. घराण्याची शान वाहून न्यायला जावई नेमला होता.

सप्टेंबरात नेम बसवायला आम्ही रेंजवर गेलो. शिकारीच्या दिवशी अंगावर जाड जाकीट असणार, त्याने खांदा पुढे सरकतो, म्हणून नेमही जाकीट घालूनच बसवायचा असा मेहुण्याचा आग्रह. वरून झेंडूरंगी बंडी, कारण कायद्याने कमरेच्या वर पाचशे चौरस इंच असा भडक रंग दिसला पाहिजे. ऊन मी म्हणत होतं. रेंजवरचे म्हातारे अर्ध्या चड्डीत बसून, माझ्या अंगातून पाणी वाहताना, चौसष्टच्या आधीच्या गोष्टी सांगत होते.

दुर्बीणही त्याच काळातली, टेक्सासच्या एल पासोत बनलेली वीव्हर के-फोर. जुन्या दुर्बिणींत नेम सरकवला की आतली नेमाची फुलीच सरकते, त्यामुळे ती कायम एका कोपऱ्यात रुसून बसलेली. मी स्क्रू फिरवायचो, गोळी मारायचो, फरक शून्य. पुढच्या गोळीला मात्र आधीचं आणि आताचं सगळं एकदम वसूल. शेजारच्या म्हाताऱ्याने उपाय सांगितला: फिरवल्यावर एक टपली मारायची, आतली स्प्रिंग जागेवर येते. आली! आधी पंचवीस यार्डांवर, मग शंभरावर. तिथे गोळी दोन इंच वर लागायला हवी, म्हणजे दोनशेवर ती बरोबर नेमावर उतरते. नळी निवेपर्यंत थांबायचं, पुन्हा मारायचं. पोलादी पट्टीने खांदा सोलवटला होता, पण शेवटच्या तीन गोळ्या एका मुठीत झाकतील अशा बसल्या.

"खांदा चोरतोयस तू," मेहुणा म्हणाला. "दे इकडे, दाखवतो."

इथे सासऱ्यांच्या फोटोबद्दल सांगायला हवं. त्यांच्या उजव्या भुवईच्या वर अर्धगोल खूण होती. मुलांना ते सांगायचे, अस्वलाने ओरबाडलं. लग्नात आईने ती पाहून "यांच्यात पुरुषही चंद्रकोर लावतात?" असं मला कानात विचारलं होतं. ती अस्वलाची नव्हती. डोळा दुर्बिणीला फार जवळ नेला की बार उडताना तिची कड नेमकी तिथे बसते. म्हणून तर त्यांनी रबर लावून दस्ता लांबवला असणार. आणि ते रबर आम्ही नुकतंच काढलं होतं. मेहुणा बापावर गेलाय, उंचीनेसुद्धा.

बार झाला. म्हाताऱ्यांपैकी एकाने न बोलता मलमपट्टीची पेटी पुढे सरकवली.

खंडेनवमीला रायफल पाटावर. एरवी आमच्याकडे या दिवशी लॅपटॉप, मिक्सर आणि बायकोचं शिवणयंत्र पुजतात. यंदा प्रथमच खरं शस्त्र, त्यामुळे आई फोनवरून शब्दाशब्दाला सूचना देत होती. मी हळद नको म्हटलं, पाणी तर नकोच म्हटलं, कोरड्या कुंकवाच्या एका बोटावर तडजोड झाली. तेवढ्यात तंबू न्यायला मेहुणा आला. भुवईवरची खपली अजून ताजी होती.

"अगंबाई, यानेही लावली!" आई फोनमधून ओरडली.

मेहुण्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो वाकून बोल्टकडे बघत होता. "हा लाल डाग कसला? गंज?" म्हणत त्याने खिशातून फडकं काढलं, तोच बायकोने त्याचा हात पकडला. पूजा झालीय, उद्यापर्यंत हलवायचं नाही, पुसायचं तर नाहीच. तो बराच वेळ विचारात पडला. मग माझ्याकडे वळून अतिशय गंभीरपणे म्हणाला, "याने नेम हलतो का?"