‘टेंगूळ आलं म्हणजे मार आत गेला नाही’ हे कुणी ठरवलं?

‘बाळ पडलं तर घाबरू नका’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आता तो माझ्या धाकट्या बहिणीपर्यंत पोचला. तिचं बाळ आठ महिन्यांचं आहे. मेसेजमधले दावे असे: टेंगूळ बाहेर आलं की मार आत जात नाही. बाळ लगेच रडलं तर मेंदू शाबूत. पडल्यावर झोपू दिलं तर बाळ कोमात जातं. हाडं लवचीक असतात, म्हणून पलंगावरून पडल्यानं काही होत नाही. आणि वॉकरमध्ये ठेवलेलं बाळ पडत नाही.

टेंगळापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात घातक तेच वाक्य आहे. टेंगूळ म्हणजे डोक्याच्या कातडीखाली साचलेलं रक्त. ते बाहेर दिसलं म्हणून आत काही झालं नाही, असा हिशेब शरीरात नसतो. दोन वर्षांखालच्या मुलांत तर टेंगूळ कुठे आलंय, हेच आधी बघायचं असतं. नुसतं कपाळावरचं टेंगूळ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. कानाच्या वर, डोक्याच्या बाजूला किंवा मागे आलेली सूज मात्र वेगळी. कानावरचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतल्या बाजूने मेंदूच्या आवरणाची रक्तवाहिनी जाते. तिथे बोटांच्या टोकांनी हलकेच चाचपून पाहा. दाबू नका, चोळू तर अजिबात नका. टणक गाठीऐवजी मऊ, लिबलिबीत फुगवटा लागला तर खाली कवटीला तडा गेलेला असू शकतो. असा फुगवटा कधी कधी काही तासांनी येतो आणि केसांत लपतो, म्हणून नंतरही एकदा हात फिरवून बघावा. आणि इथे सांगतायत, टेंगूळ आलं, आता निर्धास्त राहा!

हे मी मनचं सांगत नाही. उत्तर अमेरिकेतल्या २५ तातडीच्या विभागांत डोक्याला मार लागून आलेल्या ४२,४१२ मुलांचा अभ्यास २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दोन वर्षांखालच्या मुलांसाठी त्यातून सहा प्रश्न निघाले. बाळाच्या सावधपणात फरक पडलाय का? कवटीचा तडा हाताला लागतोय का? कपाळ सोडून इतर कुठे सूज आहे का? पाच सेकंद किंवा जास्त वेळ शुद्ध हरपली होती का? तीन फुटांहून उंचावरून पडलं, किंवा तसाच जोराचा मार बसला का? आईवडिलांना बाळ नेहमीपेक्षा वेगळं वाटतंय का? सहाही उत्तरं ‘नाही’ असतील तर मेंदूला गंभीर इजा असण्याची शक्यता ०.०२ टक्क्याहून कमी. तो शेवटचा प्रश्न पुन्हा वाचा. ‘हे आज वेगळंच वागतंय’ या आईच्या वाक्याला तिथे पूर्ण वजन आहे. ‘रडलं का?’ हा प्रश्न मात्र या सहांत नाही.

रडण्याबद्दल अर्धं खरं आहे, ते मान्य. लगेच रडलं म्हणजे बेशुद्ध पडलं नाही, ही चांगलीच गोष्ट. पण कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असेल तर बाळ आधी रडतं, मग शांत होतं, दूधही पितं आणि काही तासांनी मलूल पडतं.

झोपेच्या दाव्याने तर माझ्या बहिणीचे हाल केले. बाळ सोफ्यावरून घरंगळलं आणि तिने रात्रभर त्याला जागं ठेवलं. डोळ्यांना ओला रुमाल लावत, टाळ्या वाजवत. पहाटे ते इतकं किरकिरं झालं की हे माराने की जागरणाने, तेच तिला कळेना. झोपेमुळे कोमा येत नाही. आत इजा असेल तर तिच्यामुळे गुंगी येते. नेहमीच्या वेळी पेंगुळलं तर झोपू द्यावं. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर मध्ये हलवून बघावं. कुरकुरलं, हातपाय झाडले, की पुन्हा झोपू द्यावं. अवेळी गुंगत असेल किंवा उठवूनही उठत नसेल तर थेट रुग्णालय गाठावं.

हाडं लवचीक असतात हे खरं, पण तान्ह्या बाळाची कवटी पातळही असते आणि अंगाच्या मानाने डोकं जड, त्यामुळे तेच आधी आपटतं. पलंगावरून पडलेल्या बहुतेक मुलांना काही होत नाही, हेही खरं. पण उभ्या माणसाच्या कडेवरून निसटलेलं बाळ तीन फुटांहून वरूनच पडतं, हे कुणी लक्षात घेत नाही. आणि तीन महिन्यांखालचं बाळ कुठूनही पडलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

वॉकरबद्दल एवढंच सांगते: कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. वॉकरमधलं मूल क्षणात जिन्याशी पोचतं आणि वॉकरसकट खाली जातं.

त्या मेसेजमध्ये जे असायला हवं होतं ते कुठेच नाही: पुन्हा पुन्हा उलट्या, आकडी, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, फुगलेली टाळू, एका बाजूचा हात किंवा पाय कमी हलणं. यातलं एकही दिसलं तर बाळाला तडक तातडीच्या विभागात न्या.