आईची मुठा : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका (तुम्ही वय ७४ लिहिलंयत म्हणून काका म्हणतो, पुण्यात याचा राग येतो हे माहीत असूनही),

आईच्या रक्षाविसर्जनावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं : आईने रक्षा मुठा नदीत सोडायला सांगितली होती, तर दहा दिवसांच्या आत सोडून मोकळं व्हायचं. मी मात्र नदीला ‘फोटोत शोभेल इतकं’ पाणी येईपर्यंत तिला चार महिने ताटकळत ठेवलं. ही तिची इच्छा नाही, माझी हौस.

‘हौस’ हा शब्द लागला. त्यावर शेवटी येतो.

आई शनिवार पेठेतली. पानशेतचा पूर आला तेव्हा, १२ जुलै १९६१ला, अकरा वर्षांची होती. घर गेलं. गाळात सापडलेला पितळी डबा तिने शेवटपर्यंत गोड्या मसाल्यासाठी वापरला, पण नदीबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. ‘मला मुठेत सोडा, ओंकारेश्वरापाशी’ हेही मेथी निवडता निवडता सांगितलेलं. नेहरूंनी १९५४च्या मृत्युपत्रात मूठभर रक्षा गंगेत सोडायला सांगितली आणि यात धर्माचा संबंध नाही, लहानपणापासूनची ओढ आहे, असंही लिहून ठेवलं. आईचं तसंच होतं, फक्त तिने लिहिलं नाही.

वैकुंठ स्मशानभूमीत तिसऱ्या दिवशी अस्थी सावडल्या आणि मडकं घेऊन मी नि भाऊ सरळ घाटावर गेलो. (हे मूळ लेखात राहिलं.) एप्रिलमधली मुठा तुम्ही पाहिलेली असणारच. टेमघर, वरसगाव, पानशेत, खडकवासला, या धरणांचं सगळं पाणी कालव्यात आणि आपल्या नळांत जातं. पात्रात उरतं ते आपणच वापरून सोडलेलं. जलपर्णी, फेस, थर्माकोल. भावाने मडक्याच्या फडक्याची गाठ अर्धी सोडली आणि थांबला. ‘यात आई घालायची?’ एवढंच म्हणाला. आम्ही परत आलो.

रक्षा घरात आणायची नाही म्हणून मडकं सोसायटीमागच्या पारिजातकाला टांगलं. आळंदीला न्या, नाशिकला रामकुंडात न्या, असं सगळ्यांनी सुचवलं. आळंदी तर काय, सकाळी जाऊन जेवायला घरी. पण तिने नाव घेतलं होतं मुठेचं. आणि दहा दिवसांचं म्हणाल, तर रेल्वे नव्हती तेव्हा इथून काशीला अस्थी पोचायला महिने लागत. तेव्हाचे लोक काही आपल्यापेक्षा कमी धार्मिक नव्हते.

दहाव्याला कावळा शिवेना. ‘नातीचं लग्न थाटात करू’, ‘धाकट्याला सांभाळू’ सगळं बोलून झालं. शेवटी मावशी म्हणाली, ‘अगं, पाणी आल्यावरच सोडतील तुला.’ कावळा आला. माझा यावर विश्वास नाही. शेजारच्या पिंडांवरचं त्याचं आटोपलं असेल. पण शब्द दिला गेला होता, तोही चारचौघांत.

जुलैअखेर खडकवासल्यातून विसर्ग वाढला. क्युसेकचे आकडे बघत बसणं हा आपला पावसाळी छंदच आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, आणि आकडे हजारांत होते. भिडे पूल पाण्याखाली गेला त्या दिवशी संध्याकाळी निघालो. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या, म्हणून वरच्याच पायरीवर बसलो. पारिजातकाची कुजलेली फुलं फडक्याला चिकटली होती. राख आधी माझ्या ओल्या मनगटाला लागली, मग गेली. अस्थींचे तुकडे तरंगत नाहीत, तिथल्या तिथे दिसेनासे होतात. पाणी गढूळ होतं, चहासारखं. शोभेल असं काही नव्हतं.

आता हौस. आईने ‘मुठेत’ म्हटलं होतं, ‘पाणी आल्यावर’ म्हटलं नव्हतं. ती कदाचित म्हणाली असती, कसली नाटकं करताय, टाका आणि घरी जा. तिला विचारायची सोय नव्हती, तेव्हा मी माझ्या बाजूने निकाल दिला. मावशीचा शब्द त्याला सोयीचा पडला, हेही खरं. एवढं तुमचं मान्य.

फोटोचं मात्र नाही. तो भावाने दुसऱ्या दिवशी पुलावरून काढलेला आहे. लेखात तसं लिहिलं नव्हतं, आज फोटोखाली ती ओळ घातली आहे.