कुत्रं दोन मिनिटांत विसरतं? अजिबात नाही

गेले आठ दिवस बेळगावच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर एकच फॉरवर्ड फिरतोय, शहापूरच्या ग्रुपवर तोच, येळ्ळूरच्या ग्रुपवर तोच. म्हणे कुत्र्याची मेमरी फक्त दोन मिनिटांची असते हे सायन्सनं सिद्ध केलंय, त्यामुळं ते मार विसरतं, तुम्ही दहा मिनिटं बाहेर गेला काय आणि दिवसभर गेला काय त्याला सारखंच, त्याच्या लक्षात माणूस राहत नाही, भाकरी राहते, आणि शेवटी, नको झालं तर लांब नेऊन सोडा, दोन दिवसांत तिथलंच होऊन जातं. हे शेवटचं वाचून मी गप्प बसू शकत नाही, कारण जांबोटीच्या रस्त्याला गळ्यात पट्टा असलेली कुत्री मी स्वतः बघितलीत.

आधी त्या दोन मिनिटांचं बघू. आकडा हवेतून आलेला नाही. स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या संशोधकांनी २५ जातींच्या प्राण्यांवरच्या जुन्या प्रयोगांची माहिती एकत्र केली होती. प्रयोग असा की एक खूण दाखवायची, समजा लाल गोल, मग ती झाकायची आणि थोड्या वेळानं दोन खुणा पुढं ठेवून मघाची कुठली ते ओळखायला लावायचं. खूण किती वेळ लक्षात राहते याचा सगळ्या प्राण्यांचा आकडा निघाला साधारण २७ सेकंद, कुत्र्याचा दोन मिनिटांच्या आत. पण त्यातच चिंपांझीचा आकडा आहे २० सेकंदांच्या आसपास! मग चिंपांझी कुत्र्यापेक्षा विसराळू म्हणायचा काय? तसं नाही, लाल गोलाशी त्या प्राण्याला काही देणंघेणंच नसतं. दुकानात ऐकलेला कुणाचा तरी मोबाईल नंबर आपण दारापर्यंत येईतो विसरतो, म्हणून काय घर विसरतो?

माणूस लक्षात राहत नाही म्हणणाऱ्यांनी आमच्या गल्लीत यावं. माझा मावसभाऊ मराठा लाईट इन्फंट्रीत आहे, चौदा महिन्यांनी सुट्टीवर आला, रात्री अकरा वाजता, अंधारात, आणि मावशीचं कुत्रं जे पोस्टमनला अजून भुंकतं ते त्याच्या पायात लोळायला लागलं. एका घरातली गोष्ट म्हणून सोडून द्यायची तर डार्विनचं घ्या, तो पाच वर्षं दोन दिवसांनी घरी परतला आणि अनोळखी माणसावर धावून जाणाऱ्या आपल्या कुत्र्याला मुद्दाम जुन्या पद्धतीनं हाक मारली, तर ते अर्ध्या तासापूर्वीच भेटल्यासारखं त्याच्या मागून चालायला लागलं. आणि हंगेरीतल्या बुडापेस्टच्या संशोधकांचं २०२४ चं काम आहे, खेळण्यांची नावं शिकलेल्या काही हुशार कुत्र्यांची खेळणी दोन वर्षं कपाटात ठेवली, मग बाहेर काढून नाव घेतलं तर बरीचशी त्यांनी बरोबर आणून दिली. हे सगळ्या कुत्र्यांना जमतं असं मी म्हणत नाही, नावं शिकणारी कुत्री मुळात थोडीच. पण दोन वर्षं कुठं आणि दोन मिनिटं कुठं.

दहा मिनिटं आणि दिवस सारखाच हेही चूक. स्वीडनमध्येच तपासलंय, अर्ध्या तासानं आलेल्या मालकापेक्षा दोन तासांनी आलेल्याचं कुत्री जास्त जोरात स्वागत करतात.

आता मार. यात थोडं खरं आहे, दुपारी चप्पल फाडली आणि तुम्ही संध्याकाळी मारलं तर कशासाठी मारलं ते त्याला जुळवता येत नाही. पण मारणारा हात पक्का लक्षात राहतो. १९२४ साली रशियातल्या लेनिनग्राडला पूर आला तेव्हा पावलोव्ह या शास्त्रज्ञाची प्रयोगाची कुत्री पिंजऱ्यात बुडता बुडता वाचली, त्यानंतर कितीतरी दिवस दाराखालून पाण्याची नुसती धार आत आली तरी त्यातलं एक कुत्रं घाबरंघुबरं व्हायचं. भीती अशी बसते. २०१९ च्या महापुरानंतर चिकोडीकडच्या आमच्या पाहुण्यांचं कुत्रं कृष्णेकडं जाणाऱ्या वाटेवर पाऊलच टाकत नव्हतं, ओढलं तरी बसायचं.

आणि ते सोडून येणं. ज्याला वाटांचे, दारांचे, माणसांचे वास वर्षानुवर्षं लक्षात राहतात त्याला अनोळखी रानात उतरवून गाडी वळवली की ते विसरत नाही हो, शोधत बसतं. आमच्या घरात आता जी राणी आहे ती जांबोटी रस्त्यावरच मिळाली, तीन वर्षं झाली, पोटभर खाते, अंगणात झोपते, तरी दारासमोर पांढरी गाडी स्लो झाली की उठून उभी राहते आणि गाडी पुढं गेली की परत बसते. शिवाय पाळीव जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, हे त्या फॉरवर्डात कुणी लिहिलेलं नाही.

खरंच सांभाळणं होत नसेल, बदली झाली, घरात आजारपण आलं, तर ओळखीपाळखीत घर बघा. देताना त्याचं झोपायचं जुनं गोणपाट न धुता तसंच बरोबर द्या, आणि पहिल्या दिवशी ते जेवेपर्यंत तिथं बसा.