धुराला वाटेकरी हवेत

शहराची भरभराट व्हावी असं मनापासून वाटत असेल, तर आधी हवा स्वच्छ करण्याचं खूळ डोक्यातून काढा. चांगली हवा माणूस फुकट ओढतो आणि कामाला जातो. ना पावती, ना उलाढाल. धूर बघा कसा कर्तबगार! आधी डिझेल खपवतो, मग इनहेलर, मग एअर प्युरिफायर, मग त्याचे फिल्टर, आणि शेवटी आयसीयूचं बिल. सगळं जीडीपीत जमा. जागतिक बँकेने मात्र २०१९ सालचा उलटा हिशेब मांडला: पीएम २.५च्या सूक्ष्म कणांमुळे झालेली आरोग्यहानी ८.१ लाख कोटी डॉलर, म्हणजे जगाच्या जीडीपीच्या ६.१ टक्क्यांएवढी. असल्या अहवालांनी गुंतवणूकदार बिचकतात, तेव्हा ते कपाटातच बरे.

घर घेताना नळाला पाणी किती वेळ येतं हे नंतर विचारा, आधी वारा कुठून येतो ते विचारा. इंग्लंडच्या जुन्या गिरणी-शहरांत तो बहुतेक पश्चिमेकडून यायचा. त्यामुळे मालक पश्चिमेला राहिले, धूर आणि मजूर पूर्वेला गेले. पुढे धुराडी थंडावली, पण पूर्वेकडच्या कित्येक वस्त्यांची गरिबी काही हटली नाही. इतका टिकाऊ माल दुसऱ्या कुठल्या कारखान्यातून निघतो, सांगा!

तुम्ही मात्र काचा लावून आत बसा. रस्ता झाडणाऱ्याला आत बसता येत नाही, पण त्यात तुमचा काय दोष? कॅलिफोर्नियात नगावर मजुरी मिळणाऱ्या शेतमजुरांवर अभ्यास झाला. हवेतला ओझोन, म्हणजे धुरातल्या वायूंवर ऊन पडून बनणारा घातक वायू, थोडा उतरला की त्यांचं काम साडेपाच टक्क्यांनी वाढायचं. म्हणजे धूर ज्याचा असेल त्याचा असो, कापली जाते ती मजुरी. समृद्धी सामायिक करणं अवघड असतं, धुराचं तसं नाही.

कुणी अमेरिकेचा दाखला देईल: तिथल्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार स्वच्छ हवेच्या कायद्यावर खर्चलेल्या एका डॉलरमागे तीसेक डॉलरचा फायदा. गोंधळू नका. तो फायदा सगळ्यांत थोडाथोडा वाटला जातो, एकरकमी कुणाच्याच खात्यात पडत नाही. मग त्याच्यासाठी धावपळ करायची कुणी?

राहता राहिलं हवा मोजायचं यंत्र. ते चौकात नको, बागेत बसवा, दाट झाडीत. तरीही आकडा चढलाच, तर यंत्राची दुरुस्ती काढा आणि पाऊस पडेपर्यंत चालू ठेवा.