ते ग्लास कचरा नाहीत

आज ऑफिसमधून येताना बिल्डिंगच्या दारात एक खोका दिसला. इथे लाइपझिगमध्ये, जुन्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या या शहरात, नको असलेलं सामान लोक असंच फुटपाथवर ठेवतात, वर चिठ्ठी लावतात, फुकट आहे, घेऊन जा. सहज डोकावले तर आत खालच्या मजल्यावरच्या आजींचे ग्लास! सहाच्या सहा, जुन्या पेपरात गुंडाळलेले. आजी गेल्या महिन्यात वृद्धाश्रमात गेल्या, मुलगा घर रिकामं करतोय हे माहीत होतं, पण ते ग्लास असे रस्त्यावर बघून पोटात तुटलं. तेवढ्यात एक माणूस थांबला, ग्लास उचलून उलटासुलटा केला आणि हसून बरोबरच्या बाईला म्हणाला, कम्युनिस्टांचा कचरा. मला इतका राग आला की तोंडातून शब्दच फुटेना. खोका उचलला आणि सरळ वर घेऊन आले.

मी इथे नवीन होते तेव्हाची गोष्ट. जर्मन धड येत नव्हतं, ओळखीचं कोणी नाही. आजींनी एका रविवारी घरी बोलावलं, केक केला होता. पाणी पिताना माझ्या हातून ग्लास सटकला तो थेट स्वयंपाकघरातल्या फरशीवर. काळजात धस्स झालं, पहिल्यांदा कोणाच्या घरी आले आणि हे! ग्लास टणकन आपटला, दोन उड्या मारल्या आणि घरंगळत कपाटाखाली गेला. आजी खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, राहू दे गं, तो नाही फुटत.

तो होता झुपरफेस्ट. पूर्व जर्मनीतल्या श्वेप्निट्झ गावच्या कारखान्यात १९८० ते १९९० या दहा वर्षांत असे दहा कोटींच्या वर ग्लास बनले. तयार ग्लास पोटॅशियमच्या वितळलेल्या क्षारात ठेवायचे, काचेच्या वरच्या थरातल्या सोडियमच्या छोट्या कणांची जागा पोटॅशियमचे मोठे कण घेतात, तिथे दाटी होते आणि तो वरचा थर घट्ट आवळला जातो, म्हणून सहजासहजी तडा जात नाही. आज तुमच्या मोबाईलच्या काचेला हीच युक्ती वापरतात, आणि तेव्हा मात्र आपण त्याला आधुनिक म्हणतो! त्या लोकांनी हे केलं कारण कच्चा माल कमी, हॉटेलांत आणि कँटीनमध्ये ग्लास फुटून फुटून पुरत नव्हते. आजी एका कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला होत्या, ते बंद पडलं तेव्हा हे सहा त्यांनी घरी आणले. इथले जुने लोक सांगतात की पश्चिम जर्मनीत हे ग्लास विकायला नेले तर तिथले व्यापारी घेईनात, फुटलेच नाहीत तर आम्ही नवे विकायचे कोणाला? मग १ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क, म्हणजे तिकडचं चलन, इथे आला, दुकानांत एका रात्रीत पश्चिमेचा चकचकीत माल आला आणि इथल्या मालाला कोणी विचारेना. नंतर एकेक कारखाना बंद.

मी गेल्या वर्षी दुकानातून सहा ग्लास आणले होते. तीन उरलेत. एक तर नुसतं गरम पाणी ओतलं आणि गेला.

आणि कोणी जुन्या वस्तूबद्दल जरा प्रेमाने बोललं की लगेच 'ऑस्टाल्गी', म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीच्या आठवणींचे उमाळे, म्हणून मोकळे! जसा काही आजार आहे. हो, माहीत आहे मला, भिंत होती, श्टाझी, म्हणजे सरकारचे गुप्त पोलीस, होते, त्राबांट गाडीसाठी नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबायला लागायचं. मान्य. आजी तर स्वतः सांगायच्या, १९७७ साली कॉफी महाग झाली तेव्हा सरकारने जे 'काफी-मिक्स' काढलं त्यात जेमतेम अर्धी कॉफी होती, बाकी भलतंच, आणि हे सांगताना अजून त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. ते दिवस परत यावेत असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पण त्यांचा त्याच काळातला नारिंगी आरजी २८ मिक्सर गेल्या नाताळापर्यंत केकचं पीठ फेटत होता, तो काय सरकारवरच्या प्रेमापोटी चालत होता का?

मिरजेला आमच्या आजीच्या मांडणीत अजून तिच्या लग्नातला पितळी डबा आहे, नाव आणि तारीख कोरलेला. तो घासताना आई एकदम हळवी होते. तिला कोणी विचारत नाही की तुला इंग्रजांचं राज्य परत हवंय का! माणूस वस्तू जपतो कारण त्यात त्याचं आयुष्य गेलेलं असतं. खालच्या आजींची उमेदीची सगळी वर्षं त्या देशात गेली, त्यांनी तिथे काम केलं, पोरं वाढवली, आणि एक दिवस सगळं जग त्यांना सांगायला लागलं की तुमचं ते सगळंच टाकाऊ होतं.

मुलावरही चिडले होते मघाशी. आता तेवढी नाही. दोन खोल्यांचं सामान आणि महिनाअखेरीला किल्ली द्यायची, त्याला तरी किती ठेवता येणार. फेकले नाहीत त्याने, पेपरात गुंडाळून ठेवले, ते काही कचरा म्हणून नाही.

ग्लास घासून ओट्यावर पालथे घातलेत. शनिवारी आजींना भेटायला जातेय. तिथे त्यांना प्लास्टिकच्या पेल्यात पाणी देतात, काच हातातून पडली तर फुटेल म्हणून. दोन ग्लास घेऊन जाणार आहे, आणि नर्सने नको म्हटलं तर तिच्यासमोर फरशीवर टाकून दाखवीन.